राजकन्यावहिनींचा एरियल

बिलोलीहून धर्माबादकडे जाताना फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात पिठाची गिरणी एकच, आणि ती हनुमंतची बायको राजकन्या चालवते. हनुमंत माझ्या वर्गातला, म्हणून ती माझी वहिनी. गिरणीच्या समोरच माझं किराणा दुकान आहे. त्यामुळे यातलं बरंचसं मी दुकानात बसल्या बसल्या पाहिलेलं आहे, आणि राहिलेलं वहिनींनीच सांगितलंय.

वहिनी चाळिशी ओलांडलेल्या आहेत. दहावी झाल्या आणि लग्न होऊन इथं आल्या. तेव्हा गिरणी त्यांचे सासरे चालवायचे. सासरे गेल्यावर हनुमंतनं ती विकायचं मनावर घेतलं होतं, कारण त्याचा जीव हळदीत. वहिनी म्हणाल्या, विकू नका, मी बघते. पहिल्याच वर्षी मोटार बंद पडली. कारागीर येईपर्यंत वहिनींनी ती अर्धी उघडून ठेवली होती, आणि तो आल्यावर त्याच्या शेजारी बसून हे काय, ते कशाला, असं विचारत राहिल्या. तेव्हापासून मोटारीचं बारीकसारीक काम त्या स्वतःच करतात.

त्यांचा स्वभावच तसा. एखादी वस्तू चालते एवढ्यावर त्यांचं भागत नाही, ती कशी चालते हे कळलं पाहिजे. माझ्या दुकानातला इलेक्ट्रिक काटा रिकामा असतानाही कधी कधी दोन ग्रॅम दाखवायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. वहिनींनी एकदा साखर घ्यायला येऊन वरचा पंखा बंद करायला लावला. काटा शून्यावर आला. त्या खूश होऊन निघाल्या आणि साखर घ्यायची विसरून गेल्या.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला त्यांचा भाऊ सुदर्शन हैदराबादहून आला. तो तिकडे रेडिओ, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आहे. बहिणीला काय द्यावं हे त्याला बरोबर ठाऊक. त्यानं साडीबरोबर हातात मावेल एवढा एक काळा डबा आणला. दिसायला पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखा, पण त्यातून बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. त्याला स्कॅनर म्हणतात असं त्यानं सांगितलं. चालू केला की काचेवर आकडे पळत राहतात, आणि हवेत कुठं कोणी बोलत असेल तर डबा त्या आकड्यावर थांबून आवाज ऐकवतो. कोण बोलत असेल, असं वहिनींनी विचारलं. सुदर्शन म्हणाला, ते तूच शोध.

गिरणीत तो डबा नुसता खरखरायचा. वहिनींनी महिनाभर तो पिठाच्या डब्यांच्या फळीवर ठेवला. आकडे पळायचे आणि कुठंच थांबायचे नाहीत. एका दुपारी लाइट गेली. गिरणी थांबली. दळण घेऊन आलेल्या बाया घरी गेल्या आणि वहिनी डबा घेऊन बाहेर पायरीवर बसल्या. तेवढ्यात आकडे थांबले. एका माणसाचा आवाज आला. अर्धं वाक्य झालं आणि तुटलं. कोणती भाषा तेही कळलं नाही.

“त्या अर्ध्या वाक्यानं माझं डोकं खाल्लं, भाऊजी,” त्या मला नंतर म्हणाल्या. तो कोण होता यापेक्षा तो लाइट गेल्यावरच कसा आला, हे त्यांना जास्त छळत होतं.

मग त्यांनी शोध सुरू केला. डबा घेऊन त्या हळदीच्या रानात गेल्या. तिथं खरखर कमी होती. ट्रान्सफॉर्मरखाली गेल्या, तिथं कानठळ्या बसल्या. गिरणीत पत्र्याखाली काहीच येत नव्हतं, पत्र्याबाहेर थोडं यायचं. एक दिवस माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, जरा बल्ब बंद करा. मी केला. लावा म्हणाल्या. लावला. चारपाच गिऱ्हाइकं उभी राहून बघू लागली. दर वेळी बल्ब लागला की डबा गुरगुरायचा आणि बंद केला की गप्प व्हायचा.

“तुमचा बल्ब लई बोलून राहिलाय,” वहिनी म्हणाल्या. “तो बोलतो म्हणून दुसऱ्याचं ऐकू येत न्हाई.”

गावात कोणाचा बल्ब बोलतो, कोणाचा चार्जर बोलतो, हे त्यांना घरोघर ठाऊक झालं. पण त्यावर उपाय काय, ते कळत नव्हतं. सुदर्शनला फोन केला तर तो म्हणाला, डब्याचा एरियल बोटाएवढा आहे, मोठा लाव आणि उंच लाव. कसा लावू? ते त्यालाही नीट सांगता येईना.

गिरणीचा पट्टा आणायला वहिनी धर्माबादला गेल्या होत्या. बसमधून उतरून बाजाराकडे चालल्या असताना एका घराच्या गच्चीवर त्यांना उंच नळी दिसली आणि नळीच्या टोकावर तारांचा सांगाडा. टीव्हीचा तर नव्हता. पट्टा राहिला बाजूला, वहिनींनी त्या घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंना वाटलं, काही विकायला आलीय. वहिनींनी पिशवीतून स्कॅनर काढून दाखवला, तशी बाईंनी आत हाक मारली.

घर व्यंकटरावांचं. रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले. त्यांच्याकडे बोलायचाही संच होता. निजामाबादच्या, हैदराबादच्या मित्रांशी ते फोनवाचून गप्पा मारायचे.

“बस अम्मा,” ते म्हणाले, आणि वहिनी तिथं दुपार संपेपर्यंत बसल्या.

व्यंकटरावांनी आधी एक गोष्ट बजावली. हवेत पुष्कळ जण बोलतात, पण सगळ्यांचं ऐकणं आपलं काम नाही. पोलिसांचं, विमानांचं ऐकण्याच्या भानगडीत पडू नकोस. हौशी लोकांचा आकड्यांचा पट्टा वेगळा असतो, तिथं आम्ही बोलतो ते कोणी ऐकावं म्हणूनच बोलतो. त्या पट्ट्याचा आकडा त्यांनी डब्यात भरून दिला. मग एरियलचं सांगितलं. आमच्या पट्ट्याची लाट साधारण दोन मीटर लांब. तिचा चौथा हिस्सा म्हणजे अर्धा मीटर, त्यातून बोटभर कमी. तेवढ्या लांबीच्या पाच तारा घ्यायच्या. एक उभी, चार खाली पसरलेल्या. झालं.

वहिनींनी विचारलं, लांबीचा एवढा हट्ट कशाला? लांब तार जास्त पकडणार नाही का?

व्यंकटराव म्हणाले, “झोका बघितलाय ना? त्याच्या तालात ढकललं तर तो वर वर जातो. ताल सोडून ढकललं तर अडतो. लांबी जमली की तार लाटेच्या तालात डोलते.”

परतीच्या बसमध्ये वहिनींच्या डोक्यात तो झोकाच होता. गिरणीचा पट्टा आणायचा राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी हनुमंत जाऊन घेऊन आला.

एरियलसाठी विकत आणावं असं जवळजवळ काही लागलंच नाही. जुन्या मोटारीच्या अर्थिंगची जाड तांब्याची तार घरात होती. डिश टीव्ही बंद झाल्यापासून तिची केबल गच्चीवर पडून होती. चार कोपऱ्यांना चार भोकं असलेलं एक चौकोनी सॉकेट व्यंकटरावांनी दिलं होतं, आणि स्कॅनरला बसणारी पिनही. वहिनींनी तार ठोकून सरळ केली, ब्लाउज शिवायच्या टेपनं मोजून पाच तुकडे केले. चार तुकडे नटबोल्टनं सॉकेटच्या कोपऱ्यांना बसवले आणि खाली वाकवले. पाचवा मधल्या भोकात उभा करून सोल्डर लावायचा होता. पण तार एवढी जाड की घरातल्या लहानशा सोल्डरिंग आयर्ननं ती तापेचना. शेवटी लोखंडाची एक जाड सळई चुलीत लालभडक करून वहिनींनी ते काम उरकलं. सासूबाई साखराबाई भाकरी करायच्या थांबून बघत होत्या. चुलीवर काय शिजून राहिलंय, असं त्यांनी विचारलं, आणि रेडिओ शिजून राहिलाय म्हटल्यावर परातीकडे वळल्या.

तयार झालेली वस्तू म्हणजे कापड फाटून गेलेल्या छत्रीच्या काड्याच. पाण्याच्या प्लास्टिक नळीच्या टोकावर ती बसवून हनुमंतनं नळी गिरणीच्या पत्र्यावर उभी केली. ढग गडगडायला लागले की नळी उपसून आडवी ठेवायची, हे व्यंकटरावांनी निक्षून सांगितलं होतं, म्हणून ती पक्की गाडली नाही, नुसती एका लोखंडी कड्यात खोवली.

केबल खाली घेतली, स्कॅनरला लावली. काही नाही. खरखरसुद्धा आधीपेक्षा कमी.

दुसरं कोणी असतं तर खट्टू झालं असतं. वहिनींना उलट काम मिळालं. त्यांनी एरियल उतरवला, मोटार तपासायचं मीटर आणलं आणि एकेक जोड बघत गेल्या. केबलमधली मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी एकमेकींना लागता कामा नयेत. मीटरची शिट्टी तिथं वाजायला नको होती, ती वाजली. पिन उघडून बघितली तर जाळीतला केसाएवढा एक तंतू आतल्या तारेला टेकला होता. वहिनींनी तो चिमट्यानं उचलून मला दुकानात आणून दाखवला. मी डोळे बारीक केले तरी मला तो दिसला नाही.

पुन्हा एरियल वर गेला. दुपारी लाइट जायची त्या वेळेला वहिनी कान लावून बसल्या. आणि स्पष्ट, शेजारच्या खोलीतून यावा तसा, व्यंकटरावांचा आवाज आला. ते निजामाबादच्या मित्राला तेलुगूतून काहीतरी कळवळून सांगत होते. वहिनींना तेलुगू तोडकंमोडकं कळतं, पण गिरणीत त्या वेळी आमच्या गावची नागम्मा बसली होती, तिचं माहेरच तेलंगणातलं. वहिनींनी तिला विचारलं, काय म्हणतात? नागम्मा लक्ष देऊन ऐकून म्हणाली, गुडघा दुखतो म्हणतात. तीळतेल लावून बघितलं, फरक न्हाई.

वहिनी खूप हसल्या. इतकी खटपट करून हवेतून पहिल्यांदा काय आलं, तर गुडघा. पण गप्पा संपता संपता व्यंकटराव मराठीत बोलले. बिलोलीकडे एक अम्मा एरियल करून राहिल्या आहेत, त्या ऐकत असतील तर त्यांना नमस्कार. वहिनींनी डब्याला हात जोडले, आणि मग लक्षात आलं, की आपण ऐकतो हे त्यांना कळायला काही मार्ग नाही. फोन करून सांगितलं तेव्हा कुठं त्यांना चैन पडली.

आता गंमत सुरू झाली. चारच पाय कशाला, तीन का नाहीत? वहिनींनी एक पाय काढला. फारसा फरक पडला नाही. दुसरा काढला. आवाज जरा बारीक झाला. चारही काढल्यावर व्यंकटराव विहिरीत पडल्यासारखे बोलू लागले. पाय परत लावले. उभी तार वीतभर लांब करून पाहिली, आवाज खालावला. कमी करून पाहिली, तरी खालावला. धर्माबादचा माणूस सांगतो ते खरं, असं ठरवून त्यांनी बोटभर कमी अर्ध्या मीटरवर मामला मिटवला. या सगळ्यात गिरणीचा पत्रा किती वेळा वाजला ते साखराबाईंना विचारा.

त्यांची लेक सृष्टी लातूरला बारावीच्या शिकवणीला होती. आई रोज फोनवर अभ्यासाचं विचारायच्या ऐवजी लाटांचं विचारते म्हणून ती आधी वैतागली. मग तिच्याच पुस्तकात लाटेचा धडा निघाला, आणि आईचे प्रश्न तिला सरांना विचारावे लागले.

उन्हाळ्यात एकदा व्यंकटरावांचा फोन आला. शनिवारी दुपारी अवकाश स्थानक आपल्यावरून जाणार आहे. दक्षिणेकडल्या एका शाळेतली मुलं वर राहणाऱ्या अंतराळवीर बाईंना रेडिओवरून प्रश्न विचारणार आहेत, आणि त्या उत्तरं देणार आहेत. आपल्या पट्ट्याला लागूनच आहे, तुझ्या एरियलवर येईल.

वहिनींचा विश्वास बसेना. धर्माबाद कुठं आणि ते कुठं. व्यंकटराव म्हणाले, धर्माबादपर्यंत मध्ये झाडं आहेत, घरं आहेत, जमिनीचा चढउतार आहे. वर बघताना मध्ये काय आहे? मात्र तुला फक्त बाईंची उत्तरं ऐकू येतील. मुलं लांब जमिनीवर, त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत पोचणार नाही. वरचा माणूस दोघांनाही दिसतो, म्हणून त्याचं सगळ्यांना ऐकू येतं.

त्या शनिवारी वहिनींनी गिरणीचा मुख्य खटका खाली ओढला. मला बल्ब बंद करायला सांगितलं, तो मी आधीच केला होता. दळण घेऊन आलेल्या बायांना त्यांनी थांबवून घेतलं. हनुमंत रानातून आला. साखराबाई बाजेवर बसल्या. डबा पायरीवर ठेवला, आणि शेजारी आवाज भरून घ्यायला मोबाइल.

बराच वेळ नुसती खरखर. नागम्मा उठायच्या बेतात होती. मग खरखरीच्या आतून काहीतरी सरकत सरकत वर आलं आणि एका बाईचा आवाज लागला. इंग्रजीच होतं, पण निवांत, न घाबरता बोललेलं. वर बघायचं कारण नव्हतं, दिवसा काही दिसणार नव्हतं, तरी आम्ही सगळे वर बघत होतो. बाई बोलायच्या, थांबायच्या, मग पुन्हा बोलायच्या. थांबायच्या तेव्हा तिकडे कुठल्यातरी शाळेत एखादं लेकरू प्रश्न विचारत असणार, तो आम्हाला ऐकू यायचा नाही.

एका उत्तरात ‘सिक्स्टीन’ आलं, ते सगळ्यांना कळलं. एका उत्तराच्या आधी बाई खुदकन हसल्या. हळूहळू आवाज खरखरीत बुडत गेला आणि संपला. दहाएक मिनिटं झाली असतील. कोणी उठेना.

वहिनींनी भरून घेतलेलं सृष्टीला लातूरला पाठवलं. ती क्लासमध्ये होती, तिचं उत्तर यायला वेळ होता. तेवढ्यात आमचे तर्क सुरू झाले. सिक्स्टीन म्हणजे तिथं सोळा माणसं राहत असतील, असं हनुमंत म्हणाला. नागम्मा म्हणाली, सोळा लेकरांनी सोळा प्रश्न विचारले. साखराबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. त्या म्हणाल्या, लेकरू आहे ते, पहिल्यांदा काय विचारंल? तुमी जेवता काय, हेच विचारंल.

संध्याकाळी सृष्टीचा फोन आला आणि वहिनींनी तो मोठ्या आवाजावर लावला. सोळा म्हणजे त्यांना एका दिवसात सोळा वेळा सूर्य उगवताना दिसतो. हे कोणाच्याच तर्कात नव्हतं. हनुमंत बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला. जेवणाचं मात्र खरंच विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, पाव खात नाही, त्याचे कण सुटून हवेत तरंगतात आणि यंत्रात जातात. पातळ पोळीसारखं असतं ते खातो, त्याचे कण सुटत नाहीत.

गिरणीत बसलेल्यांना याचा एवढा अभिमान वाटला, जणू दळण इथूनच गेलंय. साखराबाईंनी फक्त एवढंच विचारलं, “पीठ उडत न्हाई का मग तिथं?” सृष्टीनं सरांना विचारते म्हटलं.

एक उत्तर मात्र कोणालाच लागलं नाही. हसून बाई म्हणाल्या होत्या, “नाही, अजून नाही. पण दर वेळी शोधते.” लेकरानं काय विचारलं असेल? आपलं घर दिसतं का, असं वहिनींना वाटतं. सृष्टी म्हणते, परग्रहावरचे प्राणी. नागम्माचं म्हणणं, देव दिसला का असं विचारलं असणार. व्यंकटरावांनाही विचारून झालं. त्यांनीही उत्तरंच ऐकली होती.

या एका प्रश्नानं वहिनींना परवान्याच्या परीक्षेपर्यंत नेलं. नुसतं ऐकून माणूस अर्धाच कळतो, असं त्या म्हणू लागल्या. व्यंकटरावांनी पुस्तकं दिली. इंग्रजी शब्द जड जायचे, ते सृष्टी फोनवर फोडून सांगायची. गिरणीत पीठ पडत असताना पुस्तक मांडीवर असायचं, त्याच्या पानापानांत ज्वारीचं पीठ बसलंय. पहिल्या वेळी रेडिओच्या कायद्याच्या पेपरात त्या नापास झाल्या. तारांचा पेपर चांगला गेला होता, म्हणून त्यांना नापास झाल्याचं वाईट वाटण्यापेक्षा नवल वाटलं. दुसऱ्या वेळी हनुमंत त्यांना हैदराबादला घेऊन गेला, सुदर्शनकडे दोन दिवस राहिले, आणि त्या पास होऊन आल्या.

परवाना हातात यायला अजून अवकाश आहे. आला की बोलायचा संच घ्यायचा आहे. पण वहिनींचं लक्ष सध्या दुसऱ्याच गोष्टीत आहे. परवा दळण न्यायला गेलो तर त्या पत्र्यावर उभ्या होत्या आणि खाली गिरणीचा खटका ओढलेला, दळणं तशीच पडलेली होती. उभी तार जरा आडवी केली तर निजामाबाद जास्त येतं की कमी, ते त्यांना बघायचं होतं. मला म्हणाल्या, भाऊजी, डब्याला कान लावा आणि मी तार हलवते तसं सांगत राहा.

मी पिशवी खाली ठेवली आणि कान लावला.